रबी, खरीप आणि मिरग

२३ सप्टेंबरचा दिवस होता. सातवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू होता. फळ्यावर सूर्य, पृथ्वी आणि तिचा कललेला आस काढून मी मुलांना सांगत होतो की, आज दिवस आणि रात्र जवळपास सारखे आहेत. वर्षातून असे दोनच दिवस येतात. एक मार्चच्या २०-२१ तारखेला आणि दुसरा सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला. मराठीत याला विषुवदिन म्हणतात. मार्चचा तो वसंतसंपात आणि सप्टेंबरचा तो शरदसंपात. आमच्या उर्दूत पहिल्याला ‘एतिदाले रबीई’ आणि दुसऱ्याला ‘एतिदाले खरीफी’ म्हणतात.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, हिंदू लोगां के सणां मौसम के साथ आते. अपनी ईद भागती कायकू फिरती? अम्मी बोलतीं, उनके टैम पे ईद थंडी में आती थी. अब गर्मी में आरी.”

वर्ग हसला. मीही हसलो. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे, दरवर्षी ११ दिवसांचा फरक, म्हणून ईद मागे मागे सरकते, हे ठरलेले उत्तर देऊन टाकले. तास संपला. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण तो मी यापूर्वीही ऐकला होता, फक्त वेगळ्या तोंडून आणि वेगळ्या सुरात.

शिक्षकांच्या एका शिबिरात एक सहकारी मला मोठ्या आपुलकीने म्हणाले होते, “सर, राग मानू नका, पण तुमच्या सणांचा इथल्या मातीशी, पावसापाण्याशी काही संबंध दिसत नाही.” आणि त्याच वर्षी आमच्याच एका दीनदार दोस्ताने मला दसऱ्याच्या झेंडूच्या फुलांवरून टोकले होते, “मौसमाच्या सणांशी आपला काय वास्ता?” एकाने बाहेरून सांगितले की तुमचा ऋतूंशी संबंध नाही, दुसऱ्याने आतून सांगितले की संबंध असूच नये. दोघांचे म्हणणे फिरून एकाच जागी येत होते. मग मी ठरवले, हा हिशोब एकदा नीट मांडून पाहावा. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

शेतकऱ्याच्या तोंडातले दोन अरबी शब्द

सुरुवात अगदी घरच्या शब्दांपासून करू. कंधार तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा आणि कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, “औंदा पीक कसं आहे?” तो म्हणेल, “खरीप गेलं, आता रब्बीवर भिस्त आहे.” हे दोन शब्द तो दिवसातून दहा वेळा वापरतो. ते मराठी नाहीत, अरबी आहेत. अरबीत ‘रबीअ’ म्हणजे वसंत ऋतू आणि ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू. वर सांगितलेल्या दोन विषुवदिनांची नावे याच दोन शब्दांवरून आली आहेत.

गंमत अशी की, आपण खरीप म्हटले की मिरगाची पेरणी डोळ्यांपुढे येते आणि रब्बी म्हटले की दिवाळीच्या आगेमागे तिफण धरलेली दिसते. पण ही नावे पेरणीवरून पडलेली नाहीत, काढणीवरून पडली आहेत. जूनमध्ये पेरलेले पीक शरदात हाती येते, म्हणून ते खरीफचे. मूग-उडीद आधी, मग सोयाबीन, मग कापसाची पहिली वेचणी. हा सगळा काळ सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आजूबाजूचा. ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी, करडई, हरभरा, गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येतात, म्हणून ते रबीचे. मार्चच्या विषुवदिनापर्यंत खळी उठत आलेली असतात.

नाव काढणीवरून का पडले? कारण ही नावे सरकारी दफ्तरातून आली. सरकारला पेरणीशी कर्तव्य नव्हते. वसूल पीक हाती आल्यावर व्हायचा. म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या तोंडात दोन्ही विषुवदिनांची अरबी नावे शेकडो वर्षांपासून आहेत. ती मुसलमान अंमलात आली, हिंदू शेतकऱ्याने आपली करून घेतली, आणि आज त्यांना परके म्हणण्याची कोणाला आठवणही होत नाही.

चंद्र इबादतीला, सूर्यही इबादतीला

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ईद फिरती का?

इस्लामपूर्व अरबांत काही वर्षांनी एक जादा महिना घालून चांद्र वर्ष ऋतूंशी जुळवून घेण्याची चाल होती. तिला ‘नसी’ म्हणत. आपल्याकडच्या अधिक महिन्यासारखाच प्रकार. पण महिने पुढेमागे करताना पवित्र महिन्यांचीही अदलाबदल होई. कुरआनच्या सूरह तौबामध्ये नसीला मनाई आली आणि हिजरी वर्ष निव्वळ चांद्र राहिले. त्यामुळे रबीउल अव्वल, म्हणजे शब्दशः पहिला वसंत, हा महिना आज पावसाळ्यातही येतो आणि हिवाळ्यातही. साधारण ३३ हिजरी वर्षांत तो सगळे ऋतू फिरून पुन्हा आपल्या जागी येतो.

यात एक इन्साफही आहे. रोजे कायम उन्हाळ्यातच आले असते तर मराठवाड्यातल्या मजुराने काय केले असते? आणि कायम हिवाळ्यात आले असते तर दूरच्या दक्षिण गोलार्धातल्या माणसावर तो कायमचा उन्हाळा झाला असता. फिरणारा महिना सगळ्यांना सारखा वाटून येतो.

विषुवदिनाच्या सणांचा तर थेट उल्लेख आपल्या परंपरेत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अनस यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. पैगंबर (स.) मदिनेला आले तेव्हा तिथले लोक वर्षातून दोन दिवस खेळण्या-बागडण्यात घालवत. अल्लाहने त्याऐवजी तुम्हाला याहून चांगले दोन दिवस दिले आहेत, असे त्यांनी सांगितले आणि ईदुल फित्र व ईदुल अजहा यांची नावे घेतली. हदीसच्या भाष्यकारांनी ते आधीचे दोन दिवस नैरोज आणि मेहरजान असल्याचे म्हटले आहे. नैरोज म्हणजेच नौरोज, इराणचा वसंतातला सण. मेहरजान हा तिथलाच शरदातला, मेहर महिन्यातला. आमच्या दीनदार दोस्ताचा मुद्दा इथून येतो आणि तो मी मान्य करतो. मुसलमानाचे धार्मिक सण दोन, आणि ते चंद्राचे.

पण म्हणून मुसलमानाचा सूर्याशी संबंध नाही, असे म्हणता येईल का? कोणत्याही मशिदीत जाऊन भिंतीकडे पाहा. तिथे ‘औकाते नमाज’चा तक्ता लावलेला असतो. त्यावर तारखा हिजरी नसतात, जानेवारी ते डिसेंबर असतात. कारण पाच नमाजांच्या वेळा सूर्यावर ठरतात. जवाल म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळण्याची वेळ. असरची वेळ तर सावली मोजून ठरते. यामुळे तो तक्ता एकदा केला की वर्षानुवर्षे चालतो. महिना चंद्राने, घटका सूर्याने. सूर्य आणि चंद्र दोघेही हिशोबाने बांधलेले आहेत, हे सूरह रहमानमध्ये सांगितलेच आहे. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या सफरींचा उल्लेख आहे. ऋतू आपल्या किताबाबाहेर कधीच नव्हते.

हिरव्या शेतातला खलिफा

इबादतीचा हिशोब चंद्राने भागला, पण राज्याचा भागेना. पीक काही हिजरी महिना पाहून येत नाही. वसूल चांद्र वर्षाने घ्यावा तर ३२ पिकांवर ३३ वर्षांचा सारा बसतो. एका जादा वर्षाचे पैसे शेतकऱ्याने कुठून आणायचे?

मोठा शास्त्रज्ञ अल-बिरूनी याने यासंबंधी एक हकीकत नोंदवली आहे. अब्बासी खलिफा मुतवक्किल एकदा शेतांमधून जात असताना त्याला पीक अजून हिरवेच दिसले. इकडे सारा वसुलीची मुदत तर सुरू झालेली. चौकशी केली तेव्हा कळले की, वसुली नौरोजपासून सुरू करण्याची इराणी चाल आहे. पण जुन्या इराणी वर्षात ३६५ दिवस धरत आणि उरलेला पाव दिवस सोडून देत, त्यामुळे नौरोज हळूहळू मागे सरकला होता. लोक कर्ज काढून सारा भरत होते. खलिफाने नौरोज पुढे नेण्याचा हुकूम दिला, पण तो अमलात येण्याआधीच ८६१ मध्ये त्याची हत्या झाली. पुढे खलिफा मुतजिद याने ८९५ मध्ये वसुलीचा नौरोज ११ जूनला पक्का केला. पीक कापून झाल्यावर सारा. आपल्या मराठवाड्यात जूनच्या त्याच आठवड्यात मिरग निघतो, हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात राहण्यासारखा.

यानंतर सेल्जुक सुलतान मलिकशाह याने १०७९ मध्ये जलाली पंचांग सुरू केले. ते तयार करणाऱ्या मंडळींत उमर खय्याम होता. आपल्याकडे तो रुबायांमुळे माहीत आहे, पण नौरोजला पुन्हा वसंतसंपाताच्या दिवशी नेऊन बसवणाऱ्यांत त्याचा वाटा होता. इराणचे आजचे वर्ष त्याच दिवशी सुरू होते. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ मार्च हा आंतरराष्ट्रीय नौरोज दिन म्हणून मान्य केला.

मिरगाला सुरू होणारे अरबी वर्ष

आता दख्खनमध्ये येऊ. इराणात मार्चमध्ये बर्फ वितळते, जमीन हिरवी होते. तिथे वसंतसंपात हा वर्षाचा दरवाजा असणे साहजिकच आहे. आमच्याकडे २१ मार्चला काय असते? मन्याड नदीची धार बारीक होते, विहिरी तळाला जातात, पुढे तीन महिने उन्हाचे. इथल्या माणसाचे नवे वर्ष खऱ्या अर्थाने पहिल्या पावसाला सुरू होते. म्हणून दख्खनच्या मुसलमान राज्यकर्त्यांनी जो हिशोब घातला त्याचा दरवाजा त्यांनी मृग नक्षत्रावर ठेवला.

हा हिशोब म्हणजे शुहूर सन. त्याची सुरुवात १३४४ पासून धरतात. तेव्हा दिल्लीच्या गादीवर मुहंमद बिन तुघलक होता आणि दौलताबाद त्याच्या ताब्यात होते. त्या साली हिजरी ७४५ चालू होते. तोच आकडा घेऊन पुढे मात्र वर्ष सौर मोजायचे, अशी ही रीत. सूर्य मृगात गेला की वर्ष बदलायचे. म्हणून याला मृगसाल म्हणत. अरबी सन असेही म्हणत, कारण वर्षाचा आकडा अरबी शब्दांत लिहीत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. शुहूर सनात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवले की इसवी सन निघतो.

हा सन बहमनी गेले, निजामशाही-आदिलशाही गेली, तरी राहिला. छत्रपतींच्या पत्रांत तो आहे, पेशव्यांच्या दफ्तरात तो आहे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतची लढाई झाली तेव्हा पुण्याच्या कागदांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे साल चालू होते, म्हणजे ११६१. ब्राह्मण कारकून मोडी लिपीत, मराठी भाषेत, अरबी आकडे लिहितो आहे आणि वर्ष मात्र मिरगाच्या पावसाला बदलते आहे. हिंदू-मुसलमानांच्या एकत्र जगण्याचा याहून साधा पुरावा मला तरी माहीत नाही. यात कोणी कोणावर उपकार केलेला नव्हता. जमिनीचा हिशोब होता, तो जमिनीच्या सोयीने चालला.

याच काळात गोवळकोंड्याला मुहंमद कुली कुतुबशाह होता. १५९१ मध्ये हैदराबाद वसवणारा हा सुलतान दख्खनी उर्दूचा मोठा कवी. त्याचे काव्य त्याच्या पुतण्याने, सुलतान मुहंमदने १६१६ मध्ये एकत्र केले आणि आधुनिक काळात डॉ. मुहिउद्दीन कादरी जोर यांनी १९४० मध्ये ते संपादित करून छापले. त्यात ईदवर कविता आहेत, तशाच नौरोजवर, वसंतावर, थंडीवर आणि मिरगावरही आहेत. इराणातून आलेल्या घराण्यातल्या शिया सुलतानाने दख्खनी बोलीत मिरगाचे स्वागत करावे, यात त्या दरबाराला काही वावगे वाटले नाही.

फत्हुल्लाह शीराजी ते फसली

उत्तरेत हाच प्रश्न अकबरापुढे आला. चांद्र वर्षाने रयतेवर होणारा अन्याय अबुल फज्लने स्पष्ट लिहिला आहे. तोडगा काढण्याचे काम मीर फत्हुल्लाह शीराजीकडे आले. हा विद्वान इराणचा, पण अकबराकडे गेला तो आमच्या दख्खनमधून. विजापूरला अली आदिलशाहाच्या पदरी राहून १५८३ मध्ये तो फत्तेपूर सिक्रीला पोहोचला. १५८४ मध्ये त्याने ‘तारीखे इलाही’ तयार केली. महिन्यांची नावे इराणी, फरवर्दीन ते इस्फंदारमुज, आणि वर्षाचा आरंभ वसंतसंपाताला. मुघल दरबारात नौरोजचा जल्लोष १९ दिवस चालायचा.

याच गरजेतून फसली सन आला. ‘फस्ल’ म्हणजे पीक, हंगाम. उत्तरेत त्याचा पाया अकबराच्या राज्यारोहणाच्या वर्षावर, हिजरी ९६३ म्हणजे १५५६ वर घातला. दख्खनमध्ये तो शाहजहानने १६३६ मध्ये, हिजरी १०४६ चा आकडा धरून सुरू केला. म्हणूनच दख्खनच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि उत्तरेच्या फसलीत ५९२-९३ मिळवावे लागतात. मधल्या ८० सौर वर्षांत चंद्राने दोन-अडीच वर्षांची आघाडी घेतली होती, ती अशी आकड्यांत अडकून राहिली. आमचा कंधारचा किल्ला निजामशाहीकडून मुघलांकडे गेला तो १६३१ मध्ये. त्यानंतर पाचच वर्षांनी हा सन आला. म्हणजे कंधारची जमीन पहिल्यापासून फसलीच्या हिशोबात आहे.

पुढे औरंगजेबाने १६५९ मध्ये दरबारातला नौरोज बंद केला आणि सरकारी कामात हिजरीला पहिले स्थान दिले. यावर लोक आपापल्या बाजूने बरेच बोलतात. पण एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. सण बंद झाला, तरी सारा हंगामाप्रमाणेच वसूल होत राहिला. आयुष्याची शेवटची २५ वर्षे दख्खनमध्ये काढून खुलताबादला दफन झालेल्या या बादशाहालाही शेतातले पीक चंद्राप्रमाणे वळवता आले नाही.

मेहर की मोहरम

निजामाच्या राज्यात सालारजंग पहिले यांच्या दिवाणगिरीत, १८६५ मध्ये, जिल्हाबंदी झाली आणि महसुलाची घडी बसली. संस्थानच्या फसली वर्षाचा पहिला महिना आजर. तो ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचा, म्हणजे शरदसंपातानंतर दोनच आठवड्यांनी, खरीप घरात येण्याच्या वेळी. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि शेवटी आबान. नावे इराणची, पण जागा बदललेल्या. इराणात फरवर्दीन वसंतसंपाताला लागतो. आमच्याकडे तो फेब्रुवारीच्या आरंभीच यायचा. तसे पाहिले तर आमच्या रानात पळस फुलतो तोही तेव्हाच. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस या हिशोबाने १३५७ फसलीच्या आबान महिन्यातला.

हे सारे जुने झाले, असे वाटेल. मलाही वाटायचे. पण काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावचे एक शेतकरी, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणतो, एक पिवळा पडलेला कागद घेऊन घरी आले. त्यांच्या आजोबांनी जमीन घेतल्याचा तो उर्दू कागद. म्हणाले, “गुरुजी, कागद खोटा हाय म्हणत्यात. तुमी बगा बरं.”

कागदाचा मराठी तर्जुमा कोणीतरी करून दिला होता आणि तो एका कार्यालयात दाखल झाला होता. तर्जुम्यात तारीख होती १५ मोहरम १३४१ हिजरी. म्हणजे सप्टेंबर १९२२. आणि जमीन विकणाऱ्याच्या नावावर ती जमीन वारसाने आली होती १९२९ मध्ये. जी जमीन नावावरच नव्हती ती सात वर्षे आधी विकली कशी? अर्थात कागद बनावट ठरला.

मी मूळ कागद उजेडात धरला. महिना मोहरम नव्हता, मेहर होता. उर्दूत मीम, हे, रे एवढीच तीन अक्षरे. वाचणाऱ्याला मेहर नावाचा महिना माहीत नव्हता, म्हणून त्याने तो मोहरमचा तुकडा समजून पुरा करून टाकला. आणि सालाच्या आकड्यापुढे पुसट झालेले अक्षर हिजरीचे ‘हे’ नव्हते, फसलीचे ‘फे’ होते. १५ मेहर १३४१ फसली म्हणजे ऑगस्ट १९३२. दहा वर्षांचा फरक. वारसा १९२९ चा, विक्री १९३२ ची. कागद खरा होता.

मी दोन पानी खुलासा लिहून दिला, सोबत फसली महिन्यांचा तक्ता जोडला. पुन्हा सुनावणी झाली आणि कागद मान्य झाला. मामांनी घरी पेढे आणले. पण माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. तर्जुमा करणारा माणूस आपलाच होता, उर्दू जाणणारा. मेहर महिना त्याला परका झाला होता आणि मोहरम तेवढा ओळखीचा राहिला होता. आपण आपल्याच वारशाचा अर्धा भाग विसरलो तर त्याचा फटका एका हिंदू शेतकऱ्याच्या सातबाऱ्याला बसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. मराठवाड्यात अशा कागदांच्या पेट्या घराघरांत आहेत आणि ते वाचणारी पिढी संपत चालली आहे.

आपले काय, त्यांचे काय

आता सणांकडे पाहू. हिंदूंचे सण ऋतूंना धरून येतात हे खरे, कारण चांद्र महिन्यांत अधिक महिना घालून ते सूर्याशी जुळवलेले आहेत. गुढीपाडवा वसंतसंपाताच्या आगेमागे, घटस्थापना आणि दसरा शरदसंपातानंतर. घटात शेतातली माती घालून धान्य पेरतात. रब्बीच्या आधी बी कसे उगवते ते यातून कळायचे, असे जुने शेतकरी सांगतात.

पण तेही सूर्याला पक्के बांधलेले नाहीत. खरे उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होते, संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. वसंतसंपात २१ मार्चला, मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास. नक्षत्रांवर मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे, म्हणून साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. मिरगही असाच सरकतो आहे. म्हणजे सगळ्यांचेच सण फिरतात, बेटी. आमचे वर्षाला ११ दिवस, त्यांचे ७० वर्षांत एक दिवस. पारशी बांधवांतही हाच घोळ होता. तिथे खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी १९०६ मध्ये वसंतसंपाताला धरून वर्ष मोजण्याचा आग्रह धरला आणि त्या पंथाला नाव पडले फसली.

स्वतंत्र भारताने यावर तोडगा काढला. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग लागू झाले. त्यात १ चैत्र येतो २२ मार्चला, लीप वर्षात २१ मार्चला. सातवा महिना आश्विन सुरू होतो २३ सप्टेंबरला. इराणच्या पंचांगात पहिला महिना फरवर्दीन आणि सातवा मेहर, तेही याच दोन विषुवदिनांना. चैत्र-आश्विन आणि फरवर्दीन-मेहर अशा एका रेषेत येऊन उभे राहिले आहेत. आपण मात्र त्या राष्ट्रीय पंचांगाकडे सरकारी पत्राच्या कोपऱ्यापलीकडे पाहत नाही.

माझी नानी अहमदपूरकडची. मार्गशीर्ष अमावास्येला त्या भागात येळवस असते. शेतात कडब्याची कोप उभारतात, आंबील, भज्जी, उंडे आणि बाजरीची भाकरी रानातच खातात. नानीच्या घरी शेजाऱ्यांकडून आवतण यायचे आणि ती आम्हाला घेऊन जायची. पूजा त्यांची असायची, पंगत सगळ्यांची. नानीची नमाज कधी चुकली नाही, आंबीलही कधी चुकली नाही. दादांच्या घरी लाल कंधारीची जोडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते स्वतः बैलांचे खांदे तेलाने मळायचे. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जनावराचा हक असतो, असे ते म्हणत. याला कोणी सण म्हणो की न म्हणो.

आमच्या दीनदार दोस्ताला मी एवढेच सांगितले. इबादत आपली चंद्राची, तिच्यात भेसळ नको. पण भाकरी सूर्याची आहे आणि पिकाच्या आनंदात शेजाऱ्याच्या पंगतीला बसणे ही इबादत नव्हे, माणुसकी आहे. आणि शिबिरातल्या सहकाऱ्याला सांगितले की, तुम्ही खरीप-रब्बी म्हणता तेव्हा आमचेच शब्द बोलता. मातीशी आमचा संबंध तुमच्या तोंडात आहे.

त्या मुलीला उत्तर द्यायचे मात्र राहिले होते. ते मी २१ मार्चला दिले. शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी रोवली. सकाळपासून मुले सावलीच्या टोकाशी खडे ठेवत गेली. साडेबाराच्या सुमारास, जवालच्या वेळी, सावली सर्वांत आखूड झाली. मोजली तर ३४ सेंटिमीटर. दुपारी पाहिले तर सगळे खडे एका सरळ रेषेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे. बाकीच्या दिवशी ती रेषा वाकडी येते, फक्त दोन विषुवदिनांना सरळ येते.

“ही रेषा कोणाची?” मी विचारले. “हिंदूंची की मुसलमानांची?”

मुले हसली. ती मुलगी मात्र वाकून शेवटचा खडा नीट बसवत होती. म्हणाली, “सर, ईद भागती तो भागने दो. ये लकीर तो इधरिच आती ना, हर साल?”

मी म्हणालो, “हो. वर्षातून दोनदा.”